एक चुंबक सरकवला आणि बारा सरकले : त्वरकाच्या सिम्युलेशनमध्ये 'ऑब्जेक्ट' नक्की कशाला म्हणायचं?

खडूफळा

नमस्कार मंडळी,

मी इंदूरला एमएस्सीच्या वर्गाला भौतिकशास्त्र शिकवतो. आमच्या गावातच राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ आहे, १७२ मीटर परिघाची, २.५ जीईव्ही ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचा झोत, म्हणजे बीम, फिरवणारी त्वरकाची रिंग. विज्ञान दिनाच्या सुमारास मुलांना घेऊन तिथे गेलो होतो. परतताना बसमध्ये एका मुलीने विचारलं, "सर, यातला एकच चुंबक केसभर सरकला तर बीमचं काय होईल?" सूत्र फळ्यावर लिहून देता आलं असतं. पण मुलांनी स्वतः चुंबक सरकवून बघावा असं वाटलं, म्हणून सी प्लस प्लसमध्ये छोटासा प्रोग्राम लिहायला घेतला.

रिंग मुद्दाम साधी ठेवली. १० मीटरचा एक सेल, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारा तुकडा. त्यात एक फोकस करणारा क्वाड्रुपोल (चार ध्रुवांचा चुंबक, बीमसाठी भिंगच), ५ मीटर मोकळी नळी, एक डीफोकस करणारा क्वाड्रुपोल, पुन्हा ५ मीटर नळी. दोन्ही क्वाड पातळ भिंगासारखे धरले, नाभीय अंतर ५ मीटर. असे १२ सेल, म्हणजे १२० मीटर. वळवणारे डायपोल धरलेच नाहीत. ओळ संपली की कण पुन्हा सुरुवातीला.

क्लासची (म्हणजे ऑब्जेक्ट ज्यांवरून बनतात त्या साच्यांची) रचना पुस्तकात असते तशीच. 'घटक' हा मूळ क्लास, त्याच्यापासून 'नळी' आणि 'क्वाड', प्रत्येकात 'पुढे_ने' हे व्हर्च्युअल फंक्शन (नाव एकच, काम प्रत्येक क्लासचं आपापलं). बीमलाइन म्हणजे घटकांच्या पॉइंटरांची (मेमरीतल्या पत्त्यांची) यादी. फोकसवाला क्वाड एकदाच तयार केला आणि यादीत बारा वेळा त्याचाच पॉइंटर टाकला. एकदा बनवा, पाहिजे तिथे वापरा, हेच तर ऑब्जेक्टचं कौतुक म्हणून शिकलो होतो.

मग पाचव्या सेलमधला क्वाड १ मिलिमीटर बाजूला सरकवला. एवढ्या सरकण्याने कणाला १ मिमी भागिले ५ मीटर, म्हणजे ०.२ मिलिरेडियनचा एकच धक्का बसायला हवा. आलेखात आली ती सुरेख नक्षी. दर सहा सेलनंतर तीच, आणि फेरी संपताना कण बरोबर शून्यावर. इतकी नेटकी की दोन दिवस मला ती खरीच वाटली. तिसऱ्या दिवशी यादीतल्या प्रत्येक क्वाडचा मेमरीतला पत्ता छापून बघितला. बाराही पत्ते एकच! पाचवा सरकवला असं मी समजत होतो, प्रत्यक्षात बाराही सरकले होते.

आता बारा कॉपी केल्या तर चूक सुटते. पण मग सगळ्या फोकस क्वाडांची ताकद बदलायची तर बारा ठिकाणी हात लावायचा का? मोठे प्रोग्राम हे कसं हाताळतात? जाणकारांनी कृपया सांगावं.

---

फोर्ट्रानचा_मित्र

खडूफळा सर, तुम्ही अगदी दुखऱ्या जागेवर बोट ठेवलंत. नोकरीची बरीच वर्षं मी हेच प्रोग्राम वापरण्यात आणि दुरुस्त करण्यात घालवली आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

'क्वाड' या एका शब्दात तुम्ही तीन वेगळ्या गोष्टी भरल्या आहेत. पहिली म्हणजे नमुना: या जातीचा चुंबक, एवढी लांबी, एवढी ताकद. दुसरी म्हणजे बोगद्यात बोल्टने बसवलेला तो एक लोखंडाचा ठोकळा. त्याची स्वतःची चूक असते. तो १ मिमी सरकलेला असेल, शेजारचा नसेल. तिसरी म्हणजे बीमच्या वाटेवरची जागा, 'आता कण इथून जातोय' ही. साध्या रिंगमध्ये दुसरी आणि तिसरी गोष्ट एकच भासते, म्हणून कुणी वेगळी करत नाही. मग एके दिवशी तुमच्यासारखं होतं.

दुसरी आणि तिसरी वेगळी का, याची दोन उदाहरणं देतो.

एलएचसीमध्ये (जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेची मोठी प्रोटॉन रिंग) दोन बीम उलट दिशांनी फिरतात. बहुतेक परिघभर त्यांच्या नळ्या वेगळ्या, पण टक्कर होते त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे क्वाड सामाईक आहेत. ठोकळा एक, त्यातून जाणाऱ्या वाटा दोन. शिवाय उलट दिशेने येणाऱ्या प्रोटॉनवर त्याच क्षेत्राचं बल उलटं लागतं, म्हणजे एका बीमसाठी जो आडव्या दिशेत फोकस करतो तोच दुसऱ्यासाठी डीफोकस. तुमच्या प्रोग्राममध्ये दोन बीमसाठी दोन कॉपी असतील, तर एक सरकवल्यावर दुसरी जागेवरच राहणार. बोगद्यात तर ठोकळा एकच सरकलाय! म्हणजे पॉइंटर वाटून घेतला तरी पंचाईत, कॉपी केली तरी पंचाईत.

दुसरं कॉर्नेल विद्यापीठातला सीबीटा हा त्वरक. तिथे बीम एकाच लिनॅकमधून (सरळ रेषेतल्या त्वरकातून) चार वेळा जाऊन ऊर्जा घ्यायचा आणि चार वेळा जाऊन परत द्यायचा. परतीची कमान एकच, कायमच्या चुंबकांची, आणि तिच्यातून ४२, ७८, ११४ आणि १५० एमईव्ही असे चार ऊर्जांचे बीम जायचे. प्रत्येकाची त्या चुंबकातली वाट निराळी.

एतियेन फॉरेस्ट यांच्या पीटीसीने, म्हणजे पॉलिमॉर्फिक ट्रॅकिंग कोडने, यावर जी तोड काढली ती मला आजही सगळ्यात स्वच्छ वाटते. तिथे बीमची वाट ही 'फायबर' नावाच्या कड्यांची साखळी असते. कडं म्हणजे चुंबक नव्हे. कड्याकडे चुंबकाचा पॉइंटर असतो, मागच्या-पुढच्या कड्याचा पत्ता असतो आणि 'इथून पुढे जाताना अक्ष असे फिरवा, असे सरकवा' ही माहिती असते. दोन कडी एकाच चुंबकाकडे बोट दाखवू शकतात.

डेव्हिड सेगन यांच्या बीमॅडमध्ये (हेही कॉर्नेलचंच) त्याला मल्टिपास म्हणतात. खऱ्या ठोकळ्याचा एक 'लॉर्ड' आणि प्रत्येक फेरीचा एकेक 'स्लेव्ह'. लॉर्ड सरकवला की सगळे स्लेव्ह सरकतात.

आणि हो, पीटीसी आणि बीमॅड दोन्ही फोर्ट्रानमध्ये आहेत. ऑब्जेक्टचा विचार करायला सी प्लस प्लसच लागतं असं अजिबात नाही.

---

बीजगणित

वाचतोय. पुण्यात एमएस्सी करतोय. काका, 'पॉलिमॉर्फिक' म्हणजे सरांचं ते व्हर्च्युअल फंक्शनच ना?

---

फोर्ट्रानचा_मित्र

नाही रे, तिथली गंमत निराळी आहे. पीटीसीमध्ये रूप बदलतो तो चुंबक नाही, आकडा बदलतो.

मोकळ्या नळीतून जाण्याची ओळ अशी लिहितोस समज :

क्ष = क्ष + लांबी × कोन

'क्ष' हा साधा आकडा असेल तर एका कणाची नवी जागा मिळते. आता 'क्ष'चा प्रकार असा कर की तो गरजेप्रमाणे आकडा होईल किंवा टेलर श्रेणी (चलांच्या घातांची बेरीज) होईल, आणि अधिक-गुणिले या चिन्हांना श्रेणींची बेरीज-गुणाकार शिकव. प्रोग्रामची ओळ तीच, एक अक्षर बदललेलं नाही. पण फेरी पूर्ण झाल्यावर हातात एका कणाची जागा येत नाही, अख्ख्या रिंगचा नकाशा येतो: सुरुवातीची जागा कुठलीही असो, शेवटची कुठे असेल ते सांगणारी श्रेणी. एखाद्या चुंबकाच्या ताकदीलाच चल मानलंस, तर त्या ताकदीप्रमाणे ट्यून (कणाच्या एका फेरीतल्या आंदोलनांची संख्या) कशी बदलते तेही तिच्यातूनच मिळतं. या बीजगणिताचा वापर त्वरकांसाठी मार्टिन बर्झ यांनी रुजवला. त्यांचा कोझी इन्फिनिटी हा प्रोग्राम याच पायावर उभा आहे.

पहिल्यांदा हे चालताना बघितलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

---

किरणोत्सुक

खडूफळा सर, धागा फार आवडला. मी नवी मुंबईत मेडिकल फिजिसिस्ट आहे. आमचा बीम रुग्णाच्या शरीरात संपतो, त्यामुळे आमचं मुख्य हत्यार म्हणजे जिअँट-४, पदार्थातून कण कसे जातात ते मोजणारा प्रोग्राम. तुमचा प्रश्न तिथे पहिल्याच धड्यात येतो, म्हणून लिहावंसं वाटलं.

जिअँट-४ची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९८ मध्ये आली. आधीचा जिअँट-३ फोर्ट्रानमध्ये होता, तो बाजूला ठेवून सर्नच्या पुढाकाराने सगळं सी प्लस प्लसमध्ये नव्याने लिहिलं. त्यात कुठलीही वस्तू तीन पायऱ्यांनी तयार होते. 'सॉलिड' म्हणजे नुसता आकार. 'लॉजिकल व्हॉल्यूम' म्हणजे तो आकार आणि आतला पदार्थ. 'फिजिकल व्हॉल्यूम' म्हणजे ते सगळं कुठे, कशा कोनात ठेवलंय. लिनॅकच्या मल्टिलीफ कॉलिमेटरमध्ये (बीमला आकार देणाऱ्या भागात) टंगस्टनच्या पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेल्या असतात. पट्टीचं वर्णन एकदाच, जागा प्रत्येकीची वेगळी. एकच पट्टी २ मिमी आत ढकलायची तर मी तिच्या फिजिकल व्हॉल्यूमला हात लावते, बाकीच्या हलत नाहीत.

सर, तुमच्या यादीत लॉजिकल व्हॉल्यूमच बारा वेळा टाकला गेला. फिजिकल व्हॉल्यूम नावाची पायरीच नव्हती.

अवांतर वाटेल, पण सांगते. क्लास आणि ऑब्जेक्ट ही कल्पना मुळात सिम्युलेशनसाठीच जन्माला आली. १९६०च्या दशकात ओस्लोमध्ये ओले-योहान डाल आणि क्रिस्टेन नीगार्ड यांनी सिम्युला ही भाषा केली, ती खऱ्या जगातल्या व्यवस्था संगणकात मांडून बघायला. म्हणजे आपण त्वरकासाठी ऑब्जेक्ट वापरतो तेव्हा कल्पना आपल्या घरीच परत येते.

---

खडूफळा

काका, ताई, दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री बसून रचना बदलली. आता 'नमुना', 'चुंबक' आणि 'थांबा' असे तीन क्लास आहेत. थांबा म्हणजे वाटेवरची जागा, काकांचं 'फायबर'. ताकद नमुन्यात, सरकणं चुंबकात, आणि थांब्याकडे फक्त चुंबकाचा पत्ता.

पाचवा क्वाड सरकवला. पत्ते छापून बघितले, बारा वेगळे. पण आता निराळंच संकट! कण दर फेरीला आणखी आणखी दूर जातोय. सरकवलेल्या क्वाडपाशी जागा शून्यच राहते, पण कोन पहिल्या फेरीत ०.२ मिलिरेडियन, दुसरीत ०.४, तिसरीत ०.६. पुढच्या क्वाडपाशी दर फेरीला नेमका १ मिलिमीटर वाढतो. शंभर फेऱ्यांनंतर १०० मिलिमीटर, म्हणजे कण नळीबाहेर. चुकीच्या प्रोग्राममध्ये सगळं आटोक्यात होतं आणि बरोबर केल्यावर बीम जातोय. नवी चूक शोधून डोळे दुखले, सापडत नाही.

---

बीजगणित

सर, प्रत्येक पायरीत थोडी चूक साठत असेल का? समीकरणं पायरीपायरीने सोडवायची रुंगे-कुट्टा वापरून बघता का? आम्हाला चौथ्या कोटीची पद्धत शिकवली आहे, ती फार अचूक असते.

---

फोर्ट्रानचा_मित्र

बीजगणित, थांब. सरांचे क्वाड पातळ भिंगासारखे आहेत आणि नळीचं गणित एका ओळीचं आहे. त्यात साठायला चूकच नाही. पण तुझ्या प्रश्नात एक महत्त्वाची गोष्ट दडली आहे, ती सांगून मग सरांकडे येतो.

रुंगे-कुट्टा एका पायरीत अचूक असते, पण सिम्प्लेक्टिक नसते. साध्या भाषेत, फेजस्पेसमधलं (जागा आणि कोन यांच्या आलेखातलं) क्षेत्रफळ ती तंतोतंत राखत नाही. दर फेरीला कणाचा आंदोलनाचा आवाका किंचित वाढतो किंवा घटतो. एलएचसीत कण सेकंदाला ११,२४५ फेऱ्या मारतो. दहा लाख फेऱ्या मोजल्या तरी प्रत्यक्षातलं जेमतेम दीड मिनिट होतं. तेवढ्या फेऱ्यांत ती किंचित गळती साठून खोटं उत्तर येतं: नसलेला क्षय दिसतो किंवा नसलेली वाढ. म्हणून चुंबकाचे तुकडे करून नळी-धक्का-नळी अशी पद्धत वापरतात, तिच्यात क्षेत्रफळ राहतं. इलेक्ट्रॉनच्या रिंगमध्ये सिंक्रोट्रॉन प्रारणामुळे आंदोलनं शमतात, जुन्या चुका पुसल्या जातात. प्रोटॉन मात्र सगळं लक्षात ठेवतो. चाचणी सोपी आहे : एका फेरीच्या मॅट्रिक्सचा डिटरमिनंट १ येतो का बघायचं.

आता सर, तुमची चूक प्रोग्राममध्ये नाही. रिंगमध्येच आहे.

सेलची लांबी १० मीटर, नाभीय अंतर ५ मीटर. फेज (आंदोलनाचा टप्पा) पुढे जाण्याचं सूत्र तुम्ही मुलांना शिकवतच असाल : अर्ध्या फेजचा साइन म्हणजे सेलची लांबी भागिले नाभीय अंतराची चौपट. १० भागिले २०, म्हणजे अर्धा. अर्धी फेज ३० अंश, सेलची ६०. बारा सेलचे ७२० अंश. ट्यून बरोबर २.

पूर्णांक ट्यून! कण दर फेरीला त्याच फेजमध्ये त्या सरकलेल्या क्वाडपाशी येतो आणि धक्क्यावर धक्का त्याच दिशेने साठतो. झोपाळ्याला दर वेळी नेमक्या क्षणी हात लावावा तसं. खऱ्या यंत्रातही पूर्णांक ट्यूनला हेच होतं, म्हणून कुठलीही रिंग तिथे चालवत नाहीत.

आणि तुमची पहिली नक्षी आठवा. बाराही क्वाड सारखेच सरकले होते. प्रत्येक धक्का आधीच्यापेक्षा ६० अंशांनी वळलेला, त्यामुळे सहा धक्क्यांची बेरीज शून्य. म्हणूनच दर सहा सेलला तेच चित्र आणि फेरीअंती शून्य. एकच पॉइंटर वाटल्याच्या चुकीने तुमच्या रिंगचा खरा दोष झाकून ठेवला होता.

५ च्या जागी ४.४ मीटर करून बघा.

---

किरणोत्सुक

काका, हे शेवटचं दोनदा वाचलं. सहा धक्क्यांचा षटकोन कागदावर काढून बघितला, खरंच बंद होतो. उद्या विभागातल्या मुलींना दाखवते.

---

कारखानीस_नव्हे

मी सॉफ्टवेअरमधला, भौतिकशास्त्र बारावीपर्यंतचं. एक शंका. सरांच्या मूळ रचनेत 'पुढे_ने' हे फंक्शन क्वाडच्या आतच आहे. उद्या कणांचं एकमेकांवरचं बल धरायचं झालं, किंवा चुंबक बोगद्यात कुठे येतो त्याची मोजणी हवी झाली, तर प्रत्येक क्लासमध्ये नवं फंक्शन टाकत बसायचं का? आणि दर कणाला, दर घटकाला व्हर्च्युअल कॉल म्हणजे वेगाचा बळी. आमच्याकडे असं लिहिलेलं रिव्ह्यूमध्येच परत आलं असतं.

---

फोर्ट्रानचा_मित्र

बरोबर पकडलंत, आणि त्वरकवाल्यांनाही ते लवकर कळलं. १९९०च्या दशकात क्लासिक नावाची सी प्लस प्लस लायब्ररी झाली. तिच्यात चुंबकाला फक्त स्वतःची माहिती: लांबी किती, क्षेत्र कसं. बीम न्यायचा, नकाशा काढायचा की मोजणी करायची, हे बाहेरून येणाऱ्या 'व्हिजिटर'चं काम. तो यादीतून घटकाघटकाला भेट देत जातो. नवं काम आलं की नवा व्हिजिटर. चुंबकाला हात लावायचा नाही. जर्मनीतल्या डेझी प्रयोगशाळेतून सुरू झालेल्या मर्लिन या प्रोग्राममध्येही बीम नेणारा ट्रॅकर चुंबकांपासून वेगळा ठेवला आहे.

क्लासिकवर सर्नमध्ये मॅड-९ हा त्वरक आखायचा प्रोग्राम उभा राहिला, पण तिथे तो टिकला नाही. २००२ मध्ये आलेला मॅड-एक्स जुन्या मॅड-८च्या वाटेने गेला आणि पीटीसीला त्याने आत सामावून घेतलं. मॅड-९ची शाखा मात्र स्वित्झर्लंडच्या पॉल शेरर संस्थेत ओपल म्हणून वाढली. तो समांतर संगणकांवर चालतो आणि कणांचं एकमेकांवरचं बलही धरतो. मॅड-९ वाया गेला असं लोक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटतं.

वेगाबद्दल : कॉल कणागणिक करायचा नाही, अख्ख्या बंचागणिक (कणांच्या गठ्ठ्यागणिक) करायचा. घटकाने लाखभर कणांची क्ष-ची एक सलग रांग घ्यावी, कोनांची दुसरी, आणि आत साधं लूप चालवावं. कणाचा ऑब्जेक्ट करायचा मोह आवरायचा. सर्नचा नवा एक्ससूट वापरणाऱ्याला पायथनमधले ऑब्जेक्ट दाखवतो, पण आत सी कोड तयार करून सीपीयूवर किंवा जीपीयूवर पळवतो.

सरांनी सुरुवातीला विचारलेला ताकदीचा प्रश्न राहिलाच. खऱ्या यंत्रात अनेक क्वाड एकाच पॉवर सप्लायवर असतात. म्हणून सप्लाय हाही एक ऑब्जेक्ट करा आणि चुंबकांनी करंट त्याला विचारावा. मॅड-एक्समध्ये याचं छोटं रूप आहे. ताकद '=' ने लिहिली तर त्या क्षणाची किंमत गोठते; ':=' ने लिहिली तर मूळ चल बदलला की सगळ्या चुंबकांत बदल पोचतो. हे एक टिंबटिंब विसरल्यामुळे माझा एक अख्खा आठवडा गेलेला आहे.

---

खडूफळा

काका, ४.४ मीटर केलं. ट्यून २.३१ आली. कण आता आटोक्यात राहतो, आणि सरकवलेल्या पाचव्या क्वाडपाशी बंद कक्षा (दर फेरीला स्वतःवरच परत येणारी वाट) १.३१ मिमी दाखवते.

आज वर्गात आधी फळ्यावर हाताने केलं. फोकस क्वाडपाशी बीटा (तिथे बीम किती पसरतो ते ठरवणारी लांबी) १६.७७ मीटर, धक्का १ भागिले ४.४ म्हणजे ०.२२७ मिलिरेडियन. दोघांचा गुणाकार, भागिले पाय गुणिले ट्यून याच्या टॅन्जंटची दुप्पट. बसमध्ये प्रश्न विचारणाऱ्या मुलीलाच फळ्यावर बोलावलं होतं. तिचं उत्तर १.३१ आलं. मग प्रोजेक्टर लावला.

नंतर तिने स्वतःहून नाभीय अंतर पुन्हा ५ केलं आणि कण नळीबाहेर जाईपर्यंत फेऱ्या मोजत बसली. तास संपल्याची घंटा झाली तरी पोरं उठेनात. आता तिला दोन क्वाड असे सरकवायचे आहेत की एकाचा धक्का दुसऱ्याने खोडावा आणि ट्यून २ असतानाही बीम टिकावा. मी म्हटलं, तीन सेल अंतरावर १८० अंश होतात, तिथून सुरू कर. पाचवा आणि आठवा, दोन्ही एकाच दिशेला. सोमवारी आकडे इथे टाकतो.